हुकूम, मोर्तब आणि संगणक

तालुक्याच्या गावी एखाद्या हायस्कुलात जा. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी कुलूप घातलेली एक खोली असते आणि तिच्या दारावर 'संगणक कक्ष' अशी पाटी असते. आत दहा-बारा यंत्रे ओळीने मांडलेली. सुटी संपून शाळा उघडली की त्या खोलीचा कारभार पाहणारे गुरुजी पहिल्या यंत्रासमोर बसतात. घड्याळाची वेळ लावतात, इंटरनेटचा पासवर्ड घालतात, प्रिंटरची ओळख करून देतात, मुलांनी बदललेले पडद्यावरचे चित्र पूर्ववत करतात, आणि उठून दुसऱ्या यंत्राकडे जातात. तेच काम दहा वेळा. सातव्या यंत्रापर्यंत पोहोचेतो लक्ष उडते आणि नवव्यात काहीतरी राहून जाते. मग वर्षभर सगळे म्हणत राहतात, "हे नऊ नंबरचं जरा विचित्रच आहे बुवा!"

त्या यंत्राचा काही दोष नसतो. दोष असतो तो एकच गोष्ट हाताने दहा ठिकाणी करण्याच्या रीतीचा. ही झाली दहा यंत्रांची अडचण. ज्यांच्याकडे दहा हजार यंत्रे आहेत त्यांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता माणसाने एक नव्या तऱ्हेचा कागद निर्माण केला. त्याला 'कॉन्फिगरेशन प्रोफाइल' म्हणतात. आपण त्याला 'मांडणीपत्र' म्हणू. यंत्राने कसे वागावे, काय करू द्यावे आणि काय करू देऊ नये, याचा तो लेखी हुकूम. हा हुकूम कसा जन्मला, टंकलेल्या एका ओळीने तो कसा बजावला जाऊ लागला, आणि पुढे ती सोय का काढून घ्यावी लागली, याची हकीकत आज सांगायची आहे. विषय वरून यंत्राचा दिसला तरी मुळात तो सत्तेचा आहे. आणि म्हणूनच इतिहास शिकवणाऱ्या माणसाने त्यात डोकावायला हरकत नसावी.

गोष्टीची सुरुवात होते अमेरिकेतील 'मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' या विख्यात संस्थेत. १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत चालवून दाखवली. तोवरची रीत अशी, की भोके पाडलेली कार्डे खिडकीतून आत द्यायची आणि निकालाची वाट पाहत बसायचे. नव्या पद्धतीत माणूस टंकयंत्रासारख्या यंत्रापुढे बसे, एक ओळ टंकी, आणि संगणक तिथल्या तिथे उत्तर देई. टंकलेल्या ओळीने आज्ञा देण्याच्या या पद्धतीलाच पुढे 'कमांड लाइन' हे नाव पडले.

आता, ज्याला रोज त्याच दहा आज्ञा द्याव्या लागतात तो माणूस कंटाळणारच. लुई पूझँ नावाचा एक फ्रेंच तंत्रज्ञ तेथे काम करीत होता. १९६३-६४ च्या सुमारास त्याने 'रनकॉम' नावाचा कार्यक्रम लिहिला. आज्ञा एका फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवायच्या, आणि 'ही फाइल चालव' एवढेच संगणकाला सांगायचे. दिसायला ही साधी युक्ती, पण तिने मोठी गोष्ट केली. तोवर आज्ञा तोंडच्या शब्दासारखी होती. दिली, अमलात आली आणि हवेत विरली. आता ती लेखी झाली. लेखी झाली म्हणजे तिची नक्कल करता येऊ लागली, ती दुसऱ्याला देता येऊ लागली आणि दुसऱ्या दिवशी तपासूनही पाहता येऊ लागली. आजही कित्येक संगणकांत सुरुवातीच्या मांडणीच्या फाइलींच्या नावाअखेर 'आरसी' ही दोन अक्षरे असतात. ती या 'रनकॉम'ची आठवण आहे. साठ वर्षांत सारे बदलले, पण ही दोन अक्षरे जुन्या वाड्याच्या चौकटीवरील कोरीव अक्षरांसारखी टिकून राहिली.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या संगणक प्रणालीचा पाया घातला. युनिक्सने एक शहाणपणाची गोष्ट केली. यंत्राच्या मांडणीची माहिती तिने कोणाही माणसाला वाचता येईल अशा साध्या अक्षरांत ठेवली. या फाइलींसाठी जो कप्पा नेमला त्याचे नाव 'ईटीसी', म्हणजे आपल्या भाषेत 'इत्यादी'! ज्या कागदांवर सारा कारभार चालायचा ते कागद 'इत्यादी' या सदराखाली बांधून ठेवले. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. महत्त्वाची कागदपत्रे नेमकी 'किरकोळ' असे लिहिलेल्या रुमालातच सापडतात.

आणखी एक गंमत पाहा. युनिक्समध्ये ज्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते ती यादीत दिसत नाही. माणसे आपापल्या खासगी आवडीनिवडी अशा टिंबाच्या फाइलींत ठेवतात. ही सोय कोणी विचारपूर्वक केली असेल असे वाटते ना? तसे नाही. रॉब पाइक या बेल प्रयोगशाळेतल्याच तज्ज्ञाने सांगितले आहे, की यादीत येणारी दोन निरुपयोगी नावे गाळण्यासाठी सुरुवातीच्या काळात एक आडवाट काढली गेली, आणि तिच्यामुळे टिंबाने सुरू होणारे प्रत्येकच नाव गळू लागले. चूक रूढ झाली आणि रूढीचा नियम झाला. इतिहासात असे पुष्कळ वेळा होते.

युनिक्समध्ये सर्वाधिकारी एकच. त्याला 'रूट' म्हणतात. पण प्रत्येक लहानसहान कामासाठी त्याचाच शिक्का हातात घेऊन वावरणे धोक्याचे. म्हणून १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सूडू' ही आज्ञा तयार केली. एखादे काम सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने, पण तेवढ्यापुरतेच करायचे, ही तिची रीत. मुखत्यारपत्र जसे विशिष्ट कामापुरते असते, तसेच हे.

पुढे यंत्रे वाढली. १९९३ साली नॉर्वेमधील ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी 'सीएफइंजिन' नावाचा कार्यक्रम लिहिला. त्यातला विचार मोलाचा होता. यंत्राला 'हे कर, मग ते कर' असे सांगण्याऐवजी 'तू अशा अशा स्थितीत असले पाहिजेस' असे सांगायचे. स्थितीत फरक पडलेला असेल तर यंत्राने तो दुरुस्त करायचा, नसेल तर स्वस्थ राहायचे. घरात नव्या आलेल्या गड्याला आपण म्हणतो, "दहा बादल्या पाणी भर." जुन्या गड्याला म्हणतो, "रांजण भरलेला असू दे." पहिला हुकूम चुकून दोनदा दिला तर अंगणात पाणीच पाणी. दुसरा शंभरदा दिला तरी रांजण तेवढाच भरतो. मांडणीपत्राची कल्पना समजायला ही दुसरी रीत नीट ध्यानात ठेवली पाहिजे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनेही आपल्या वाटेने तेच केले. 'विंडोज २०००' या आवृत्तीबरोबर २००० साली 'ग्रूप पॉलिसी' आली. कचेरीतील मुख्य संगणकावर धोरण ठरवायचे आणि सगळ्या यंत्रांनी ते पाळायचे. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीपासून 'जीपीअपडेट' ही आज्ञा टंकली की नवे धोरण ताबडतोब लागू होते.

पण 'प्रोफाइल' या नावाचा कागद जन्मला तो अॅपल कंपनीच्या घरात, आणि त्याचे मूळ तिच्या घराबाहेर आहे. स्टीव्ह जॉब्झ १९८५ साली अॅपलमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'नेक्स्ट' नावाची कंपनी काढली. तिच्या 'नेक्स्टस्टेप' या प्रणालीत प्रत्येक कार्यक्रमाच्या आवडीनिवडी 'प्रॉपर्टी लिस्ट' नावाच्या यादीत ठेवीत. एका बाजूला गोष्टीचे नाव, दुसऱ्या बाजूला तिचे मूल्य. ही यादी टंकून बदलण्यासाठी 'डिफॉल्ट्स' नावाची आज्ञाही होती. १९९६ च्या डिसेंबरात अॅपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले, जॉब्झ स्वगृही परतले, आणि २००१ च्या मार्चमध्ये नेक्स्टच्या पायावर उभारलेली 'मॅक ओएस टेन' बाजारात आली. तिच्याबरोबर ती यादी आणि ती आज्ञाही आली.

नेमक्या याच सुमारास शाळांच्या जगात एक मोठा प्रयोग झाला. शिक्षक-मंडळींनी तो अवश्य लक्षात ठेवावा. अमेरिकेतील मेन या राज्यात गव्हर्नर अँगस किंग यांनी ठरवले, की सातवीतल्या प्रत्येक मुलाच्या हाती सरकारी खर्चाने संगणक द्यायचा. २००२ च्या शरदात राज्यभरच्या सुमारे १७,००० मुलांना अॅपलचे 'आयबुक' संगणक मिळाले. पुढच्या वर्षी आठवीचा वर्ग त्यात आला. आता विचार करा. शाळेतले गुरुजी दहा यंत्रांत दमले. सतरा हजार यंत्रे, तीही मुलांच्या दप्तरात घालून घरोघर गेलेली! कोण कुठे जाऊन घड्याळ लावणार? यंत्राकडे माणसाने जाण्याचे दिवस संपले होते. हुकुमानेच यंत्राकडे जायला हवे होते.

हा हुकूम आजच्या रूपात आला तो मात्र फोनमुळे. २००८ च्या जुलैमध्ये आयफोनची दुसरी प्रणाली आली आणि तिच्याबरोबर मांडणीपत्रही आले. याची रचना सांगतो, म्हणजे ते डोळ्यांपुढे येईल. पत्राच्या मथळ्यावर त्याचे नाव, ते देणाऱ्या संस्थेचे नाव, आणि दुसऱ्या कोणत्याही पत्राशी घोटाळा होऊ नये म्हणून एक लांबलचक खूणक्रमांक. पोटात एकामागून एक कलमे. एका कलमात वायफायची माहिती, दुसऱ्यात टपालखात्याची, तिसऱ्यात पासवर्ड किती अक्षरांचा असावा ते, चौथ्यात कॅमेरा वापरू द्यावा की नाही ते. आणि एक कलम असे, की हे पत्र यंत्राच्या मालकाला काढून टाकता येईल की नाही. सारे साध्या अक्षरांत, त्या जुन्या यादीच्याच घाटाचे. शेवटी देणाऱ्याची अंकीय सही.

या सहीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. मराठेशाहीच्या दप्तरातील पत्रे पाहा. मजकूर संपला की शेवटी मोर्तब होत असे, म्हणजे लहान शिक्का उमटत असे. त्याचा अर्थ हा, की मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवील तर ते खोटे. संगणकाची सही हेच काम गणिताच्या जोरावर करते. सही झाल्यावर मजकुरात एका अक्षराचा बदल झाला तरी सही जुळत नाही. पण एक भेद विसरू नका. पत्र अमुकाचेच आहे एवढे मोर्तब सांगते. तो अमुक भला आहे की लबाड, हे काही ते सांगत नाही.

२०१० मध्ये आयफोनला ही पत्रे दुरून, हवेतूनच पाठवण्याची व्यवस्था आली. पुढच्या वर्षी, २०११ च्या जुलैत, मॅकच्या 'लायन' या आवृत्तीबरोबर मांडणीपत्र फोनवरून संगणकात शिरले, आणि त्याच्यासाठी टंकायची आज्ञा आली. तिचे नाव सरळ 'प्रोफाइल्स'. शब्द टंकायचा, पुढे आडवी रेघ आणि एक अक्षर. 'आय' म्हणजे बसव, 'आर' म्हणजे काढ, 'पी' म्हणजे काय काय बसले आहे ते दाखव. २०१७ च्या 'हाय सिएरा' आवृत्तीत या आद्याक्षरांच्या जागी पुरे शब्द आले: 'लिस्ट', 'शो', 'इन्स्टॉल', 'रिमूव्ह', 'स्टेटस'. वाचायला सोपे, विसरायला कठीण.

टंकलेल्या आज्ञेचा फायदा कोणता? खिडक्या उघडून, बटणे दाबून काम करणारा माणूस एका वेळी एकाच यंत्रापुढे बसू शकतो. टंकलेली ओळ मात्र रनकॉमच्या काळापासून फाइलीत लिहून ठेवता येते. कारभारी आपल्या खोलीत बसून शंभर यंत्रांची नावे एका यादीत लिहितो, आणि 'प्रत्येकाकडे जा, हे पत्र बसव, बसले की नाही ते मला कळव' असे दोन-चार ओळींत सांगतो. तो चहा घेऊन येईपर्यंत काम झालेले असते. नऊ नंबरचे यंत्र विचित्र राहत नाही.

इथवर सगळे छान. आता या कथेची दुसरी बाजू पाहू.

२०१० सालीच अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन या शाळा-जिल्ह्यावर एका विद्यार्थ्याच्या पालकांनी खटला भरला. शाळेने मुलांना दिलेल्या संगणकांत चोरी झाल्यास शोध घेण्यासाठी दुरून कॅमेरा चालवण्याची सोय होती. ती सोय चालू करून ठेवली गेली, आणि मुलांच्या घरातली छायाचित्रे शाळेच्या संगणकात जमा होत राहिली. चौकशीत छायाचित्रे आणि पडद्यांच्या प्रतिमा मिळून पन्नास हजारांहून अधिक निघाल्या. शेवटी ६,१०,००० डॉलरवर तडजोड झाली. तेथे साधन मांडणीपत्राचे नव्हते, निराळे होते. पण धडा एकच. यंत्र मुलाच्या खोलीत आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

दुसरी घटना आपल्याच देशातली. २०१८ च्या जुलैमध्ये सिस्को कंपनीच्या 'टालोस' या संशोधक गटाने जाहीर केले, की भारतातील १३ आयफोन कोणा लबाडाने आपल्या नियंत्रणाच्या व्यवस्थेत नोंदवून घेतले होते. मोठमोठ्या कचेऱ्या वापरतात तीच व्यवस्था, तीच पत्रे! तिच्या जोरावर त्याने त्या फोनांत व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम यांच्या बनावट आवृत्त्या घातल्या आणि संदेश चोरले. कुलूप फोडले नाही की भिंत पाडली नाही. नोंदणीला कोणीतरी, कधीतरी 'मंजूर' म्हटले, एवढ्यावर भागले.

तिसरी घटना २०१९ च्या जानेवारीतली. फेसबुकने १३ ते ३५ वर्षांच्या लोकांना महिना २० डॉलरपर्यंत देऊन त्यांच्या फोनांत एक संशोधनाचा कार्यक्रम बसवला होता, आणि त्याच्याबरोबर असे प्रमाणपत्र मंजूर करून घेतले होते की त्यांची इंटरनेटवरची ये-जा कंपनीला दिसावी. हे उघड होताच अॅपलने फेसबुकचे ते खास प्रमाणपत्र रद्द केले. आणि मॅकवर जाहिरातखोर कार्यक्रम गुपचूप मांडणीपत्रे बसवू लागले होते. माणूस ब्राउझरचे पहिले पान बदलायला जाई, ते बदलत नसे. कारण हुकूम वरून आलेला!

अशा पार्श्वभूमीवर पावले उचलली गेली. २०१७ च्या अखेरीस नियम आला, की यंत्र दूरच्या नियंत्रणाखाली द्यायचे असेल तर काही महत्त्वाच्या अधिकारांसाठी यंत्राच्या मालकाने स्वतः समोर बसून मंजुरी दिली पाहिजे. संस्थेने स्वतःच्या नावे खरेदी करून नोंदवलेली यंत्रे तेवढी याला अपवाद. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या 'बिग सर' या आवृत्तीने 'प्रोफाइल्स' या आज्ञेची अर्धी सत्ता काढून घेतली. आता टंकून पत्र पाहता येते, काढता येते, पण गुपचूप बसवता येत नाही. बसवायचे तर माणसाने सेटिंगच्या खिडकीत जाऊन, काय मागितले आहे ते वाचून होकार द्यायचा. कित्येक कारभारी त्या वेळी कुरकुरले, आणि त्यांची कुरकुर खोटी नव्हती. त्यांची नऊ वर्षांची सोय गेली. पण ज्या वाटेने कारभारी जातो तिनेच चोरही जातो. तेव्हा वाटेवर चौकी बसवण्यावाचून इलाज नव्हता.

२०२१ पासून अॅपलने आणखी नवी रीत आणली आहे. तिच्यात यंत्र आपली अपेक्षित स्थिती स्वतःच सांभाळते आणि फरक पडला तर आपणहून कळवते. म्हणजे बर्जेस यांचा रांजणच पुन्हा आला म्हणायचा!

वाचकहो, साठ वर्षांच्या या हकिकतीचे तात्पर्य काय? आज्ञा तोंडी होती ती लेखी झाली. एका यंत्रापुरती होती ती हजारोंना लागू झाली. आणि हुकुमाला जेव्हा पाय फुटले तेव्हा प्रश्न आला, की ज्याच्या यंत्रावर हुकूम बजावायचा त्याला विचारायचे की नाही? त्याचे उत्तर लगेच मिळाले नाही. मुलांची छायाचित्रे आणि लोकांचे संदेश यांची किंमत मोजून ते मिळाले.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. गुरुजनहो, शाळेला मिळालेल्या यंत्रांवर कोणाचा हुकूम चालतो ते एकदा पाहा. मॅक असेल तर आधी 'सूडू' आणि मग 'प्रोफाइल्स लिस्ट' एवढे टंका, बसवलेली पत्रे समोर येतील. 'प्रोफाइल्स स्टेटस' टंकून पुढे आडवी रेघ, 'टाइप' आणि 'एन्रोलमेंट' लिहिले, की यंत्र कोणाच्या नियंत्रणात नोंदले आहे का ते कळेल. विंडोज असेल तर 'जीपीरिझल्ट' टंकून तिरकी रेघ आणि 'आर' हे अक्षर द्या. लागू असलेली धोरणे दिसतील. यात मोडण्यासारखे काही नाही. हे नुसते वाचन आहे. नियंत्रण असणे वाईट नव्हे, शाळेत ते हवेच. पण ते कोणाचे आहे हे आपल्याला आणि पालकांना ठाऊक असले पाहिजे.

आणि शेतकरी बंधुभगिनींनो, आपल्या हातातल्या फोनलाही हेच लागू आहे. कोणी फोन करून म्हणेल, "अनुदान अडलंय, एक फाइल पाठवतो, आली की मंजूर म्हणा." अशा वेळी घाई करू नका. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून जमिनी गेल्याच्या गोष्टी आपल्या आजोबांनी आपल्याला सांगितल्या आहेत. 'मंजूर' हे बटण म्हणजे आजच्या काळातला अंगठाच आहे. आधी कागद वाचा, वाचता येत नसेल तर गावातल्या जाणत्याकडून वाचून घ्या, आणि मगच बोट टेकवा.